बेकरेल आणि मिलिक्युरीचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात थायरॉइडवरील लेखात 'रुग्णाला ३७० बेकरेल किरणोत्सारी आयोडीन देतात' असे छापले आहे. त्यातला 'मेगा' गळाला, म्हणजे आकडा दहा लाख पटींनी घसरला. पुढे त्याच आकड्यावरून शरीराला किती अपाय होतो तेही सांगितले आहे. बेकरेलवरून ते कळत नाही. सेकंदाला एका अणुकेंद्रकाचा ऱ्हास झाला की एक बेकरेल, एवढाच त्याचा अर्थ. शरीरावरचा परिणाम सिव्हर्टमध्ये सांगतात.

मी चिडलो आहे, कारण या एककांपायी आमच्या घराने एक वाईट रात्र काढली आहे. माझ्या थोरल्या बहिणीला हेच आयोडीन दिले होते. आधीच्या चिठ्ठीवर '१० मिलिक्युरी' आणि घरी सोडताना दिलेल्या कागदावर '३७० मेगाबेकरेल'. रात्री दीड वाजता कोथरूडहून भाच्याचा फोन : "मामा, आईला सदतीसपट जास्त दिलं का हो?" ताई वेगळ्या खोलीत होती, दाराआडचे तिचे रडणे मला फोनवरून ऐकू येत होते. मी भाच्याला पेन्सिल घ्यायला लावली. क्युरी हे किरणोत्साराचे जुने एकक. एक क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेकरेल, तर तिचा हजारावा भाग, एक मिलिक्युरी, म्हणजे ३७ मेगाबेकरेल. आता दहाने गुण. तो गप्प झाला, मग दाराशी जाऊन म्हणाला, "आई, एकच आहे गं ते." दोन्ही एकके त्या कागदावर शेजारीशेजारी लिहिली असती, तर हे टळले असते. तुमच्या लेखातही तेच करता आले असते.

लिहायला बसलोच आहे, तर बारावीच्या सरावप्रश्नांचेही सांगतो. १०० व्होल्टने वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी तुम्ही १२४ अँगस्ट्रॉम दिली आहे. ते सूत्र फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणाचे. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे. त्याला डी ब्रॉग्लीचे सूत्र लावायचे, प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). इथे वेग सेकंदाला सुमारे ५९ लाख मीटर येतो आणि तरंगलांबी १.२३ अँगस्ट्रॉम. शंभरपट चूक! शिवाय वस्तुमान '९.१ × १०-३१ किलो' असे छापले आहे. घातांक वर चढवलाच नाही, मुलांनी ती वजाबाकी समजायची का?

शेजारची मुलगी सकाळीच तुमचे पान घेऊन आली. तिचे उत्तर बरोबर होते, पण छापलेले पाहून तिने ते खोडले होते. शुद्धिपत्र त्याच पानावर, त्याच टायपात द्यावे. तिची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे ३०