दिवसभर करतोस काय?

रिओ ग्रांड व्हिलेज, बिग बेंड नॅशनल पार्क, टेक्सस
१८ फेब्रुवारी

प्रिय बापू,

परवा फोन मध्येच तुटला, त्यावर तू भलतंसलतं काही समजू नकोस. इथे आमच्या गाडीत सिग्नल येत नाही. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून वायफायवर बोलत होतो, तेवढ्यात शेजारच्या पोराने व्हिडिओ लावला आणि तू गेलास. तुझा शेवटचा प्रश्न मात्र पूर्ण ऐकू आला होता : "अरे पण एका जागी उभ्या असलेल्या गाडीत तू दिवसभर करतोस काय?" मी "काही नाही रे" म्हणालो. ते तुझ्यापर्यंत पोचलं की नाही, देव जाणे. पण ते खोटं होतं, म्हणून हे पत्र.

आधी आम्ही इथे इतके दिवस कसे, ते सांगतो. साध्या पाहुण्याला या पार्कात सलग १४ रात्रीच राहता येतं. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस आलो आणि मार्च संपेपर्यंत आहोत, कारण आम्ही कॅम्प होस्ट आहोत. पार्कसाठी आठवड्याचे ठरलेले तास बिनपगारी काम करायचं, त्याबदल्यात गाडी लावायला जागा, वीज, नळ आणि सांडपाण्याची जोडणी फुकट. सव्वीस फुटी आरव्ही, म्हणजे आतच स्वयंपाक, झोप आणि संडासाची सोय असलेली गाडी, दोन माणसं आणि समोर मेक्सिकोचा डोंगर. नोकरीत असताना मी एवढ्या कमी मोबदल्यात काम केलं असतं, तर ही मला घराबाहेर काढती.

दिवसाची सुरुवात कॉफीने व्हावी असं वाटतं, पण होते नळीने. जानेवारीत दोन रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला. पहिल्या रात्री मी बाहेरची पाण्याची नळी तशीच ठेवली आणि सकाळी ती काठीसारखी ताठ झाली होती. तेव्हापासून थंडी दिसली की झोपण्याआधी नळी सोडायची, झटकून रिकामी करायची आणि सकाळी पुन्हा जोडायची. मग विजेचा हिशेब. आमच्याकडे ३० अँपिअरची जोडणी आहे, म्हणजे १२० व्होल्टला सगळे मिळून ३,६०० वॅट. हीटर खातो दीड हजार, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढाच, पाणी तापवायची कॉइल चौदाशे. तिन्ही एकदम लावलं की खटका पडतो आणि अंधारात "तू काय लावलंस?" हा संवाद सुरू होतो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आंघोळीला जाण्याआधी आम्ही एकमेकांची परवानगी घ्यायला लागलो ते इथे.

आता तो विषय, जो फोनवर तुला सांगता येत नव्हता. गाडीखाली दोन टाक्या असतात. ग्रे म्हणजे सिंक आणि आंघोळीचं पाणी, ब्लॅक म्हणजे संडासचं. आम्हाला सांडपाण्याची कायमची जोडणी मिळाली म्हटल्यावर मी शहाणपणा केला. दोन्ही झडपा उघड्याच ठेवल्या. म्हटलं, येईल तसं जाईल, कटकट कशाला? आठ दिवसांनी कळलं की जातं ते फक्त पाणी. बाकीचं मागे राहतं, साचतं, आणि बरोबर संडासाच्या भोकाखाली त्याचा डोंगर होतो. आरव्हीवाले त्याला पिरॅमिड म्हणतात. शब्द ऐकून मी हसलो होतो, आमच्या टाकीत तो उभा राहिल्यावर मात्र हसू आलं नाही.

शेजारच्या गाडीतले ओरेगनचे आजोबा अकरा वर्षं असे फिरताहेत. ते आले, वाकून वास घेतला आणि डॉक्टरने नाडी बघून मान हलवावी तशी मान हलवली. उपाय साधा निघाला : झडप बंद, टाकी पाण्याने काठोकाठ, दोन दिवस भिजत ठेवायची, मग सोडायची, पुन्हा भरायची. चार वेळा केलं तेव्हा सुटलं. तेवढे दिवस आम्ही दुकानाशेजारच्या संडासापर्यंत टॉर्च घेऊन जात होतो. ब्लॅक टाकी दोन-तृतीयांश भरल्याशिवाय सोडायची नाही आणि ब्लॅक आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते, हे आता मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. हातमोजे घालून दर चार दिवसांनी हा विधी होतो. त्या वेळी कुणी पर्यटक "काय सुंदर जागा आहे!" म्हणत शेजारून गेला, तर मी मान डोलावतो.

कामाचं म्हणशील तर सकाळी कॅम्पग्राउंडला फेरी मारायची. रिकाम्या झालेल्या जागा बघायच्या, शेगडीतली राख काढायची, कुणाचा मुक्काम संपला ते पाटीवर तपासायचं. इथे लाकडाची शेकोटी पेटवायला बंदी आहे, फक्त शेगडीत कोळसा चालतो. रात्री आठनंतर जनरेटर बंद. हे दोन नियम सांगण्यात माझा निम्मा पगार, म्हणजे शून्याचा निम्मा, फिटतो. "आम्ही तर लाकडं विकत आणली!" असं म्हणणाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

आणि दिवे. इथलं आकाश अधिकृतरीत्या राखलेलं आहे. २०१२ साली या पार्काला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तरी लोक गाडीच्या छताला रंगीत दिव्यांच्या माळा लावतात. मी रात्री जाऊन हळूच सांगतो, बंद कराल का. बहुतेक जण करतात, मग पाच मिनिटं आम्ही दोघेही काही न बोलता वर बघत उभे राहतो. एका तरुण मुलीला आकाशगंगा ढग वाटली होती. खरं सांगू, पहिल्या रात्री मलाही.

हॅवेलिनांचं सांगायचं राहिलं. दिसायला रानडुकरासारखे, पण ते डुक्कर नव्हेत, कुळी वेगळी. निवडुंगाची पानं काट्यांसकट खातात आणि अंगाला असा वास की दिसण्याआधी कळतात. टेबलावर ब्रेडचा पुडा ठेवून कुणी झोपला की सकाळी पुडा नसतो आणि टेबलाभोवती खुरांचे ठसे असतात. होस्ट म्हणून मी लोकांना बजावतो, अन्न गाडीत ठेवा. आणि डिसेंबरमध्ये माझ्याच पायरीवर मी लसणाची चटणी वाळत ठेवली होती! तीही गेली. त्या हॅवेलिनाचं पुढे काय झालं याची मला काळजी आहे.

पक्षी हे हिचं खातं. पार्कात साडेचारशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत, त्यातल्या हिच्या वहीत एकशे सात. मला तीनच ओळखू येतात. एक व्हर्मिलियन फ्लायकॅचर, निखारा फांदीवर ठेवल्यासारखा. दुसरा रोडरनर, जो आमच्या पायरीखालून धावत जातो. हिने सांगितलं, तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा भाऊबंद. त्यानंतर मला तो रस्ता ओलांडताना उजवीकडून जातोय की डावीकडून, हे बघायची सवय लागली. तिसरं गिधाड.

पण मला विचारशील तर इथलं सगळ्यांत मोठं आश्चर्य दीड-दोन इंचांचं आहे. कॅम्पग्राउंडशेजारी एक तळं आहे, कुणी थांबूनही बघत नाही. त्यात बिग बेंड गँब्युझिया नावाचा मासा राहतो. जगात तो फक्त या परिसरात उरलाय. १९५०च्या दशकात तो जवळजवळ संपलाच होता. शेवटी हाती तीन मासे राहिले, दोन नर आणि एक मादी. आज आहेत ते सगळे त्या एकीचे वंशज. मी रोज संध्याकाळी तिथे जातो. दिसत काहीच नाही, पाण्यात करड्या रेघा हलतात एवढंच. एमरी पीक हे इथलं ७,८०० फुटांहून उंच शिखर, येणारा प्रत्येक जण विचारतो, चढलात का? आम्ही नाही चढलो. तीन महिन्यांत एकदाही नाही. पहिल्या आठवड्यात "उद्या जाऊ" म्हणालो, मग पिरॅमिड झाला, मग थंडी, मग माझा गुडघा. आता विषयही निघत नाही. एक आठवड्यासाठी आलो असतो तर गुडघा बांधून चढलो असतो.

बोकियासला मात्र तीनदा गेलो. रिओ ग्रांड नदीपलीकडचं मेक्सिकोचं छोटं गाव. पासपोर्ट दाखवायचा, होडीत बसायचं, दोन मिनिटांत दुसरा देश. पुढचा मैलभर गाढवावर किंवा पायी. मी पायी, ही गाढवावर, आणि यावर विनोद करायला तू मोकळा आहेस. २००२ साली अमेरिकेने नदी ओलांडायचा हा मार्ग बंद केला आणि गावाची कमाईच बुडाली. तो पुन्हा उघडला २०१३ साली. अकरा वर्षं नदीच्या या काठावरून पलीकडे नुसतं बघता येत होतं. बायका कापडावर रोडरनर आणि डोंगर भरतात, ते घरासमोर टांगून ठेवतात. हिने दोन रुमाल घेतले. नदीच्या अलीकडे, अमेरिकेच्या बाजूच्या पायवाटेवर दगडावर असल्याच वस्तू आणि पैशांची बरणी ठेवलेली असते, पण तिथून घेणं बेकायदा. त्यामुळे होस्टने तिकडे नजरही टाकायची नाही. परत येताना एका खोक्यासारख्या यंत्रात पासपोर्ट ठेवायचा आणि फोनवरून दूर एल पासोतला अधिकारी विचारतो, काय आणलंत? हिने दोन्ही रुमालांचं इतकं सविस्तर वर्णन केलं की शेवटी तो म्हणाला, छान, या.

बाकी आठवडा असा जातो : दुकानाशेजारच्या मशिनमध्ये क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, नाणी टाकून कपडे, दर तीन आठवड्यांनी शंभराहून जास्त मैल लांब अल्पाइनला किराणा. फोडणी देताना धुराचा अलार्म वाजू नये म्हणून एकाने दार उघडून उभं राहायचं, ते माझं काम. भांडणं होतात. इथे दुसऱ्या खोलीत जाऊन रुसायची सोय नाही, दुसरी खोलीच नाही. मग एक जण तळ्याकडे जातो. बहुतेक वेळा मीच.

दक्षिणेकडून वारा सुटलाय, गाडीची कनात, म्हणजे दारावरचं कापडी छप्पर, फडफडायला लागली. मागच्या महिन्यात एकाची कनात वाऱ्याने उलटी होऊन छतावर पडलेली पाहिलीय, तेव्हा उठून ती आधी गुंडाळायला हवी. गुरुवारी वीस मैलांवर पँथर जंक्शनला जाणार आहोत, तिथल्या पोस्टात हे टाकतो. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव, मार्चअखेरपर्यंत पोचेल असं बघ. आणि वहिनींना विचार, लसणाच्या चटणीने प्राण्याला काही होत नसेल ना?

तुझाच,
बंड्या