पैसे घेतले सोलापुरात, हात वर केले मनालीत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पेपरात सहलींच्या जाहिरातींनी पानं भरतात. काश्मीर, शिमला-मनाली, केरळ, आणि सगळ्यांत तेच, ‘थ्री स्टार हॉटेल किंवा तत्सम’, ‘कन्फर्म रेल्वे तिकीट’, ‘महाराष्ट्रीयन जेवण’. वाचणाऱ्याला वाटतं की पेठेतल्या ऑफिसात बसलेला माणूसच हे सगळं चालवतो. तसं नसतं ओ. हॉटेल एकाचं, गाडी दुसऱ्याची, आणि मधे दिल्ली नाहीतर चंदीगडचा एक एजंट, त्याला या धंद्यात डीएमसी म्हणतात, तो तिकडची हॉटेलं, गाड्या, साइटसीईंग सगळं एकत्र बांधून देतो. आपला सोलापूरचा ऑपरेटर बऱ्याचदा त्याच्याकडनं तयार पॅकेज घेतो, त्यावर तिकीट आणि स्वयंपाकी लावतो आणि आपल्याला विकतो.

यात चोरी काही नाही, धंदाय तो. वर्षाला दोन-चार ग्रुप नेणाऱ्याला तिथलं हॉटेल कशाला चांगला रेट देईल, डीएमसी सीझनभर रूम भरतो म्हणून त्याला नेट रेट मिळतो, काउंटरवरच्या भावापेक्षा बराच खाली. फक्त हॉटेलवाला रूम ठरलेल्या तारखेपर्यंतच ब्लॉक ठेवतो, तिला रिलीज डेट म्हणतात. तोपर्यंत पैसे आणि नावांची यादी पोचली नाही की रूम सुटल्या, आणि ऐन सीझनला त्याच रूमला ऑनलाइन जास्त भाव मिळत असताना तो तुमच्यासाठी थांबेल कशाला. ते ‘किंवा तत्सम’ बहुतेक वेळा याच्यासाठीच घालून ठेवलेलं असतं.

आम्ही हे मनालीत भोगलंय. रात्री साडेनऊला गाडी हॉटेलला लागली, थंडी अशी की दात वाजायलेत, आणि मॅनेजर म्हणतो बुकिंग आहे पण पेमेंट आलं नाही, चाव्या देणार नाही. सोलापूरला फोन केला तर म्हणे मी दिल्लीवाल्याला सगळे दिले, दिल्लीवाल्याचा फोन बंद. सोबत आलेला टूर मॅनेजर म्हणजे कोवळा पोरगा, तो बिचारा काय करणार, कोपऱ्यात उभा राहून फोनच लावत बसला. बायका लॉबीत बॅगांवर बसल्या, कुणीतरी पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली, लहान पोरांनी तिथंच खाल्लं. शेवटी आम्हीच वर्गणी काढून मॅनेजरला जीपे केलं तेव्हा रूम मिळाल्या. परत आल्यावर त्यातले निम्मे पैसे मिळाले, बाकीच्याला ‘दिल्लीकडून आले की देतो’. अहो, दिल्लीवाला आमच्या काय ओळखीचाय? पैसे तर आम्ही तुम्हाला मोजले.

मोठ्या कंपनीतसुद्धा हे होतं. ब्रिटनची थॉमस कुक सप्टेंबर 2019 मध्ये बुडाली तेव्हा ट्युनिशियातल्या एका हॉटेलनं कंपनीकडची थकबाकी आधी भरा म्हणून पर्यटकांना गेटवर अडवलं होतं (आपल्याकडची त्याच नावाची कंपनी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नव्हता). फरक एवढाच की तिथं सहलींसाठी संरक्षण योजना आहे, सरकारनं विमानं लावून सुमारे दीड लाख लोक घरी आणले. आपल्याकडं पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणं हेच मुळात ऐच्छिक आहे.

रेल्वेचं वेगळंच. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरनं 60 दिवसांवर आलंय, मग तीन-चार महिने आधी ‘कन्फर्म तिकीट’ छापणारा ते कुठनं आणतो हे कुणी विचारतच नाही. तत्कालला तर पहिला अर्धा तास एजंटला बुकिंगच करता येत नाही. विमानाच्या ग्रुप तिकिटाला आधी डिपॉझिट भरायचं, नावं नंतर द्यायची, म्हणून ऑपरेटर पैशाची घाई करतो, ते समजू शकतो.

आणि गाड्या. टेम्पो ट्रॅव्हलर चंदीगडहून आली तरी रोहतांगला परमिट लागतं, रोजचा गाड्यांचा आकडा हरित लवादानं बांधून दिलाय, पेट्रोलच्या 800 आणि डिझेलच्या 400. पहलगामला आरू, बेताब, चंदनवाडीला तिथल्या युनियनचीच टॅक्सी करावी लागते. हे ऑपरेटरला चांगलं ठाऊक असतं तरी पॅकेजमध्ये घालत नाही, कारण घातलं की जाहिरातीतला आकडा फुगतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जातं. मग तिथं उतरल्यावर माणशी पैसे काढा! शॉपिंगच्या थांब्यांबद्दल तर बोलायलाच नको. तसं आपल्याकडं तरी काय, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या गाड्या चादरीच्या कुठल्या दुकानापुढं थांबतात आणि का, हे सगळ्या सोलापूरला माहितीय.

आता माझं म्हणणं ऑपरेटर मंडळींनाच आहे. तुम्ही कुणाकडनं काय घ्यायचं ते घ्या, कमिशन खावा, पण निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हातात हॉटेलचं नाव, व्हाउचर आणि पेमेंट झाल्याचा कागद द्या, म्हणजे आम्ही स्वतः फोन करून विचारू शकतो. आणि पक्कं बिल द्या. पॅकेजवर 5 टक्के जीएसटी आहे, तो वाचवायला कच्ची पावती घेणारे आपलेच लोक लई आहेत, मग भांडायची वेळ आली की हातात काही नसतं. नाहीतर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची सोय आहे, सहल मनालीची असली तरी केस इथं सोलापुरात चालते.

संपादक साहेब, तुम्हीपण एक करा. सहलीची जाहिरात घेताना हॉटेलचं नाव आणि ऑपरेटरचा जीएसटी नंबर छापायला लावा, नसेल छापायचा तर ती जागा कोचिंग क्लासवाल्यांना द्या, ते रांगेत उभेच आहेत.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर