दिसायला झ्याक, पण गार

संपादक साहेब, नमस्कार.
साताऱ्यात पेठेतलं आमचं जुनं घर दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं, थंडी कधी एवढी बोचली नाही. आता मुलानं पाचगणीला सुटा बंगला बांधलाय, सगळीकडं कोपरे, बाहेर काढलेल्या खिडक्या, दिसायला झ्याक पण डिसेंबरात पहाटे हीटर लावूनपण पाय गारठलेले. हिशोब सोपाय, लांबी-रुंदी-उंची १०-१० फूट असलेल्या खोलीला छत-जमीन धरून पृष्ठभाग ६०० चौरस फूट आणि आत १००० घनफूट हवा, तेच तिन्ही बाजू २०-२० फूट केल्या तर पृष्ठभाग ४ पट पण हवा ८ पट, आणि उष्णता पळते ती बाहेरच्या पृष्ठभागातूनच. म्हणजे सुटं घर, कोपरे न् बाहेर काढलेल्या खिडक्या यांनी आतल्या हवेच्या मानानं बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, न् घर गार पडतं. आमची मांजरपण थंडीत गोळा होऊन झोपते! आर्किटेक्ट लोकांनी प्लॅन दाखवताना एवढं तरी सांगावं की.
— एक वाचक, सातारा