तक्रार: ल्हासाच्या सहलीत कबूल केलेल्या ठिकाणी मुक्काम न दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वरीलप्रमाणे. फरकाची रक्कम व नुकसानभरपाई मिळणेबाबत.

महोदय,

एप्रिलमध्ये तुमच्या काठमांडू–ल्हासा सहलीला मी, माझे यजमान, सासूबाई (वय 71) आणि नणंद असे आम्ही चौघं आलो होतो. परत आल्यावर फोन केला तेव्हा तुमच्या कार्यालयाने "लेखी पाठवा" म्हणून सांगितलं. ते आता पाठवत आहे.

तुमच्या माहितीपत्रकात ल्हासाच्या मुक्कामापुढे ठळक अक्षरात छापलंय: "जुन्या शहरात, बारखोरपासून चालत पाच मिनिटांवर." बारखोर म्हणजे तिथल्या जोखांग या बौद्ध मंदिराभोवतीची प्रदक्षिणेची वाट. आम्ही तुमच्याकडे आलो ते या एका ओळीमुळे. याहून स्वस्त सहल समोर होती, पण तिचं हॉटेल गावाबाहेर होतं म्हणून ती सोडली. आणि तुम्ही आम्हाला नेऊन उतरवलंत ते नदीपलीकडे, रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या नव्या वसाहतीत. रुंद रस्ते, उंच इमारती, खाली फर्निचरची दुकानं. असं ठिकाण बघायला कोणी एवढ्या परवानग्या काढून ल्हासाला जात नाही.

यावर तुमचं उत्तर ठरलेलं आहे, फोनवर ऐकलंय: करारात "किंवा तत्सम दर्जाचे हॉटेल" लिहिलेलं असतं. तारे मोजले तर दर्जा सारखा असेलही. पण आम्ही ताऱ्यांचे पैसे दिले नव्हते, जागेचे दिले होते.

दुसऱ्या कुठल्या शहरात असं झालं असतं तर मी हे पत्र लिहायच्या भानगडीत पडले नसते. सामान उचललं असतं, दोन गल्ल्या हिंडून दुसरी खोली घेतली असती. ल्हासात ते जमत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? परदेशी पाहुण्याला तिबेटचा वेगळा परवाना लागतो, तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो, कार्यक्रम आधी ठरवून द्यावा लागतो आणि सोबत गाइड सक्तीचा असतो. आमचा व्हिसासुद्धा काठमांडूहून काढलेला, सगळ्या गटाचा मिळून एकच कागद. म्हणजे तिथे मुक्कामाची जागा शोधण्याचं काम प्रवाशाच्या हातात उरतच नाही, ते सर्वस्वी तुमच्या हातात असतं. अशा ठिकाणी जाहिरातीतली ओळ पाळणं ही तुमची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे.

आता पहिल्या दिवसाबद्दल. ल्हासा साधारण 3,650 मीटर उंचीवर आहे. "पहिले दोन दिवस दमू नका, जिने चढू नका" अशी सूचना तुम्हीच छापून दिली होती, ती सासूबाईंनी पर्समध्ये ठेवली होती. हॉटेलात पोचलो तर लिफ्टच्या दारावर चिनी आणि तिबेटी भाषेतला कागद चिकटवलेला: दुरुस्तीसाठी बंद. खोल्या चौथ्या मजल्यावर. खालची खोली मागितली, तर काउंटरवरून सांगितलं की बदल एजन्सीने कळवला तरच होईल. एजन्सी फोन उचलेना. तुमच्या समन्वयकांनी अडचण आली तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा म्हणून सांगितलेलं, आणि हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही! शेवटी सासूबाई प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, कठड्याला धरून वर गेल्या. वर पोचेपर्यंत ओठ निळसर पडले होते. आमच्या गाइडने धावत जाऊन दुकानातून ऑक्सिजनचा डबा आणला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच खटपट करून खालची खोली मिळवून दिली. त्या मुलाबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर खापर त्याच्या डोक्यावर फुटायचं.

सासूबाईंना पोताला राजवाड्याचं फारसं अप्रूप नव्हतं, एवढ्या पायऱ्या झेपणार नाहीत हे त्यांनी घरीच ठरवलं होतं. त्यांना जोखांग मंदिराभोवतीची पहाटेची प्रदक्षिणा घालायची होती. बारखोरची ती वाट जेमतेम किलोमीटरभराची. सकाळी धुनीत जुनिपर या सुगंधी झाडाच्या डहाळ्या जळत असतात, हातात लाकडी पट्ट्या बांधलेले यात्रेकरू दंडवत घालत पुढे सरकतात, म्हाताऱ्या बायका माळ ओढत चालतात. घड्याळ बीजिंगचं असल्यामुळे एप्रिलात तिथे सूर्य उगवायलाच सात वाजून जातात, म्हणजे जवळ राहिलं तर फार लवकर उठायचीही गरज नाही. चालत पाच मिनिटांवर राहून सासूबाई रोज सावकाश गेल्या असत्या, दम लागला की परत आल्या असत्या. तुमची बस दहाला सुटायची. आम्ही पोचायचो तेव्हा तिथे आमच्यासारख्या पर्यटकांचीच गर्दी. स्वतः टॅक्सीने जावं तर चालक रोख घ्यायला नाखूश, आणि तिथलं मोबाइल पेमेंट आमच्याकडे नव्हतं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. आम्ही शाकाहारी. जुन्या शहरात नेपाळी उपाहारगृहं आहेत, डाळभात मिळतो. नदीपलीकडे संध्याकाळी आम्ही सोबत नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढल्या.

आमच्या मागण्या अशा. जाहिरातीतल्या भागातलं हॉटेल आणि प्रत्यक्ष दिलेलं हॉटेल यांच्या दरातला फरक चौघांसाठी परत करावा, आणि तो कसा काढला याचा हिशेब सोबत द्यावा. सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दल वेगळी भरपाई द्यावी. हॉटेल कधी बदललं आणि आम्हाला निघण्यापूर्वी का कळवलं नाही, याचा लेखी खुलासा करावा. पुढच्या सहलीचं सवलतीचं कूपन कृपया पाठवू नये.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यायची आम्हाला गरज नाही.

सोबत: माहितीपत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, हॉटेलचं बिल, लिफ्टवरच्या कागदाचा फोटो.

आपली,
एक ग्राहक, पुणे