मार्नर गेला, टवारेस राहिला: लीफ्सच्या उन्हाळ्याविषयी आई-बाबांना पत्र

टोरंटो,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, की तुझा तो बर्फावरचा संघ मे महिन्यातच हरला, तरी ऑगस्ट उजाडला तरी त्याचाच विषय का निघतो, आणि तो मार्नर गेला म्हणजे नेमके काय झाले. फोनवर याचे उत्तर नीट देता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तुला खेळात फारसा रस नाही हे मला ठाऊक आहे, पण तूही हे पत्र पूर्ण वाच, कारण यात माणसांनी घेतलेल्या निर्णयांविषयी बरेच काही आहे आणि माणसांची पारख तुला आम्हा दोघांपेक्षा अधिक आहे.

आधी मे महिन्याविषयी. इथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या स्पर्धेत, ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यातून १६ संघ बाद फेरीत जातात, आणि पुढे प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने आधी जिंकणारा टिकतो. अशा चार फेऱ्या पार केल्या की स्टॅनले कप मिळतो. आमचा टोरंटो मेपल लीफ्स या वर्षी ५२ सामने जिंकून, १०८ गुण मिळवून आपल्या विभागात पहिला आला. पहिल्या फेरीत त्याने शेजारच्या ऑटावाला सहा सामन्यांत हरवले. दुसऱ्या फेरीत समोर गतविजेता फ्लोरिडा पँथर्स होता, आणि त्याच्याविरुद्धचे पहिले दोन्ही सामने आम्ही जिंकले. तिसऱ्या सामन्यातही आघाडी आमचीच होती, पण तो सामना जादा वेळेत गेला आणि ब्रॅड मार्शांने गोल करून तो हिसकावून नेला. हा मार्शां अनेक वर्षे बॉस्टनकडून खेळत आमच्या वाटेत उभा राहिला होता आणि मार्चमध्येच फ्लोरिडाकडे गेला होता. चौथा आणि पाचवा सामनाही हातचा गेला. सहाव्या सामन्यात मात्र जोसेफ वोल या आमच्या गोलकीपरने त्यांच्याच घरी एकही गोल होऊ दिला नाही, आम्ही २-० असे जिंकलो आणि मालिका बरोबरीत आली.

सातवा सामना १८ मे रोजी, रविवारी, टोरंटोतच होता. सामन्याच्या तीन सत्रांपैकी पहिल्या सत्रात कोणाचाच गोल झाला नाही, पण संधी आमच्या खेळाडूंना भरपूर मिळाल्या आणि त्यांचा गोलकीपर बोब्रोव्स्की त्या एकेक करून अडवत गेला. दुसऱ्या सत्रात त्यांनी तीन गोल केले. तिसऱ्याच्या सुरुवातीला मॅक्स डोमीने एक गोल परतवला आणि सगळे स्टेडियम उभे राहिले, पण लोक पुन्हा खाली बसतात न बसतात तोच फ्लोरिडाने चौथा गोल केला. निकाल ६-१. आपल्याच लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकलेल्या मी पडद्यावर पाहिल्या आणि हरण्यापेक्षा त्याचे मला अधिक वाईट वाटले. फ्लोरिडा पुढे एडमंटनला हरवून सलग दुसऱ्यांदा कप घेऊन गेला, म्हणजे आम्ही हरलो ते सर्वांत बलवान संघाशी आणि तेही सात सामने झुंजून. पण २०१८ पासून लीफ्स असा सातवा निर्णायक सामना सहा वेळा खेळला आहे आणि सहाही वेळा हरला आहे. इथल्या लोकांचा संयम सुटला तो या सगळ्या वर्षांच्या साठलेल्या दुःखाने.

आता मार्नरकडे येते. मिच मार्नर हा टोरंटोच्या अगदी लगतच्या मार्कममध्ये जन्मलेला मुलगा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे संघ क्रमाने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात, लीफ्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. लहानपणापासून ज्या संघाचा तो चाहता होता त्याच संघाकडून तो नऊ हंगाम खेळला आणि ६५७ सामन्यांत त्याने ७४१ गुण मिळवले. इथे गोल करणाऱ्याला आणि गोलसाठी पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) पुरवणाऱ्याला दोघांनाही गुण मिळतो, आणि मार्नरची खरी ताकद पुरवण्यात होती. सरत्या हंगामात त्याने २७ गोल स्वतः केले आणि ७५ गोलांना हात लावला. दोन बचावपटूंच्या मधून, ते काठी वळवायच्या आत, तो पक अशा जागी सरकवतो की तिथे आपला माणूस अजून पोहोचलेलाही नसतो, आणि पुढच्या क्षणी तो तिथे असतो. संघाचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो तेव्हा चारच जणांनी पाच जणांना थोपवायचे असते. त्या कष्टाच्या कामालाही तोच पुढे असायचा.

त्याचा करार ३० जूनला संपत होता. तो दुसरीकडे जाणार हे सर्वांना दिसत होते. इथला नियम असा, की स्वतःच्या खेळाडूला संघ आठ वर्षांचा करार देऊ शकतो, पण बाहेरून येणाऱ्याला सातच वर्षांचा. म्हणून लीफ्सने त्याच्याशी वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला आणि लगेच त्याला व्हेगास गोल्डन नाइट्सकडे पाठवले, बदल्यात निकोला र्वा हा मधल्या फळीचा खेळाडू घेतला. रिकाम्या हाताने सोडण्यापेक्षा हे बरेच झाले.

बाबा, यावरून इथे त्याला जे बोलले जाते ते मला पटत नाही. निर्णायक सामन्यांत त्याचा खेळ उतरत असे हे खरे आहे आणि त्याची बाजू घेताना मी ते नाकारणार नाही. पण त्या सामन्यांत कर्णधार ऑस्टन मॅथ्यूजलाही गोल करता आले नाहीत आणि बचावफळीही विस्कटली. पराभव वीस जणांचा होता. त्याची किंमत मात्र एकाच घरच्या मुलाकडून वसूल केली गेली, बहुधा तो घरचा होता म्हणूनच. परक्या गावाहून आलेल्या खेळाडूला लोक सामना संपल्यावर विसरतात, पण आपल्या गल्लीतल्या मुलावरचा राग लवकर ओसरत नाही. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, करार संपलेला, कोणाचे देणे न ठेवता दुसऱ्या गावी नोकरीला जातो, तर त्याला गद्दार म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मीही आपले गाव सोडूनच इथे आले आहे.

आता टवारेसविषयी सांगते. आई, हा भाग खास तुझ्यासाठी आहे. जॉन टवारेस मिसिसागाचा, म्हणजे तुम्ही दोघे इथे आला होतात तेव्हा विमानतळावरून घरी येताना आपण ज्या भागातून आलो तिथला. २०१८ मध्ये तो न्यूयॉर्कहून आपल्या गावच्या संघात आला आणि त्याला वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर मिळू लागले. तो कर्णधार झाला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने ते पद आपणहून मॅथ्यूजच्या हाती दिले आणि सरत्या हंगामात, चौतिसाव्या वर्षी, ३८ गोल केले. त्याचाही करार याच उन्हाळ्यात संपत होता. इतके गोल करणाऱ्याला बाहेर कितीतरी अधिक पैसे मिळाले असते. त्याने चार वर्षांसाठी, वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरवर सही केली. आधीच्या निम्म्याहून कमी. घर इथे आहे, आणि कप जिंकायचा तर इथेच, इतका सरळ त्याचा विचार दिसतो. त्या बातमीने मला जे समाधान दिले ते बऱ्याच विजयांनीही दिले नव्हते.

या दोन निर्णयांना जोडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पगाराची मर्यादा. प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा हे लीग ठरवते. गेल्या हंगामात ही मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती आणि येत्या हंगामात ती ९ कोटी ५५ लाख झाली आहे. लीफ्सची मोठी अडचण अनेक वर्षे अशी होती, की चार जणांच्या पगारातच जवळपास अर्धी रक्कम संपायची आणि उरलेल्या संघासाठी स्वस्त माणसे शोधावी लागायची. आता मार्नर गेला आणि टवारेसने हात आखडता घेतला, त्यामुळे प्रथमच थोडी जागा मोकळी झाली आहे. त्यातून मॅथ्यू नाइज या तरुण, दणकट खेळाडूला सहा वर्षांसाठी वर्षाला ७७ लाख ५० हजारांवर बांधून घेतले, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. गोलसमोरच्या गर्दीत, पाठीत काठ्या बसत असतानाही, जो जागा सोडत नाही असा खेळाडू मे महिन्यात लागतो आणि नाइज तसा आहे. युटाहून मचेली आणि व्हॅंकुव्हरहून डकोटा जोशुआ हेही आले आहेत. ते उपयोगी ठरतील, पण मार्नरची जागा भरणारे नाहीत.

ती जागा भरण्याची घाई व्यवस्थापनाने करू नये, असे मला मनापासून वाटते. मार्चमध्ये बॉस्टनहून ब्रॅंडन कार्लो आणि फिलाडेल्फियाहून स्कॉट लॉटन यांना आणताना पुढच्या दोन ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन झाल्या आहेत. म्हणजे नव्या पिढीतले जे मोजके खेळाडू हाताशी आहेत, त्यांनाही पणाला लावले तर पाच वर्षांनी घर रिकामे दिसेल. त्यांच्यात ईस्टन काउअन नावाचा वीस वर्षांचा मुलगा आहे. ऑंटारिओतल्याच लंडन शहराच्या ज्युनिअर संघाने जूनच्या पहिल्या दिवशी मेमोरियल कप हा ज्युनिअर संघांचा कप जिंकला, त्यात सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. कोणी मोठ्या नावाच्या बदल्यात त्याला मागितले, तर नाही म्हणावे आणि त्याला इथे वाढू द्यावे. प्रशिक्षक क्रेग बरूबे यांनी २०१९ मध्ये सेंट लुईसला कप जिंकून दिला, तो संघही एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा नव्हता. पक खोल टाका, मागे धावा, समोरच्याला दमवा, हा त्यांचा खेळ आहे आणि या गावाला तो सवयीचा व्हायला एक वर्ष पुरणारे नव्हते.

मला काळजी आहे ती गोलकीपरची. अँथनी स्टोलार्झ हा सरत्या हंगामात सगळ्या लीगमध्ये फटके अडवण्याच्या टक्केवारीत पहिला होता. फ्लोरिडाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात सॅम बेनेटचे कोपर त्याच्या डोक्याला लागले आणि तो त्या मालिकेत पुन्हा उतरला नाही. वोलने सहाव्या सामन्यात जे केले ते सोन्याने लिहावे असे आहे, पण स्टोलार्झ उभा असता तर मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेलीच नसती, असे मला अजूनही वाटते.

बाबा, तुम्ही म्हणाल, ५८ वर्षे ज्या संघाने कप जिंकला नाही त्याच्यामागे इतके मन का लावायचे. २ मे १९६७ रोजी लीफ्सने माँट्रियलला हरवून तेरावा कप घेतला, तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि त्यानंतर आजवर अंतिम फेरीही पाहिलेली नाही. तो सामना ज्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला ती इमारत आई, तू पाहिली आहेस. कार्लटन आणि चर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे ते पिवळसर विटांचे मोठे किराणा दुकान. २५ क्रमांकाच्या रांगेत, शेल्फांच्या मधल्या फरशीवर ताटलीएवढा लाल ठिपका आहे. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू तिथे होता. तू ट्रॉली थांबवून विचारलेस, की रंग सांडला आहे का, आणि मी काही सांगायच्या आत शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी तुला हातवारे करून समजावले, की इथून सामना सुरू व्हायचा. त्यांचा एकही शब्द तुला कळला नसेल, तरी तू त्यांना नमस्कार केलास. या शहरात अनोळखी माणसे एकमेकांशी बोलतात ती हिवाळ्यात, बसच्या थांब्यावर, काल लीफ्सने काय केले यावर. मला इथे पहिल्यांदा कोणी आपुलकीने काही विचारले तेही यावरच. आणि बाबा, आपल्या तालमीचा फुटबॉल संघ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हरला की तुम्ही दोन-दोन दिवस घरात कोणाशी धड बोलत नव्हतात, आणि तरी पुढच्या हंगामात पहिल्या सामन्याला गॅलरीत सर्वांत आधी जाऊन बसत होतात. पेठेचा संघ कोणी निवडत नाही, आपण त्या पेठेत राहतो म्हणून तो आपला होतो. माझी पेठ आता ही आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर सराव शिबिर सुरू होईल आणि ८ ऑक्टोबरला पहिला सामना टोरंटोत, माँट्रियलविरुद्धच आहे. जानेवारीत व्हेगासचा संघ इथे येईल आणि मार्नर परक्या जर्सीत या बर्फावर उतरेल. तिकीट परवडेल असे दिसत नाही, पण परवडले तर मी जाणार आहे आणि त्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा उभी राहून टाळ्या वाजवणार आहे, आजूबाजूला कोणी काहीही ओरडले तरी. नंतरचे तीन तास अर्थातच टवारेसच्या बाजूने. इथे संध्याकाळी सात वाजता सामना सुरू झाला, तर कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच झालेले असतील. बाबा, तुम्ही तेव्हा उठलेलेच असता. कसा पाहायचा ते मी आधी कळवीन, म्हणजे आईच्या चहापर्यंत तुमचे पहिले सत्र पाहून होईल.

तुमची लेक