आधी शेजारी कोण आहे ते बघ

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ‘ताई’. ओळखणारे ओळखतीलच. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत हेही ठाऊक आहे. पण ताऱ्यांचं तेज मोजायला शिकताना दोन वर्षांत तुमचा जेवढा वेळ खाल्लाय, त्याचा हिशोब चारचौघांत मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी पहिली मेल आठवते? विषय होता ‘नवीन रूपविकारी तारा सापडला’, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा, पुढे तीन उद्गारचिन्हं. श्यामशबल तारकासमूहातला एम-३ हा बंदिस्त तारकागुच्छ, आठ इंची दुर्बीण, व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा उजेड तेवढा घेणारा), दोन-दोन मिनिटांची एक्स्पोजर, अकरा रात्री. गुच्छाच्या मध्याजवळ १४व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधूक) एक तांबडा राक्षसी तारा ०.२ प्रतीने कमी-जास्त होत होता, अगदी नियमित. नोंदलेल्या रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमचं उत्तर एका ओळीचं होतं : “छान. आधी शेजारी कोण आहे ते बघ.”

खरं सांगतो, राग आला होता. पण बघितलं. साधारण चार विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एक जुना, नोंदलेला आरआर लायरी तारा होता, म्हणजे साधारण अर्ध्या दिवसात तेजाची एक फेरी पूर्ण करणाऱ्या रूपविकारी ताऱ्यांपैकी एक. त्याचा आवर्तनकाल आणि माझ्या ‘शोधा’चा आवर्तनकाल चौथ्या दशांश स्थळापर्यंत एकच! माझ्या आकाशात ताऱ्याचा ठिपकाच चार विकलांचा पडतो. मोजायला वर्तुळ काढलं की शेजारच्याचा उजेड आत येणारच. तांबडा तारा बिचारा जागचा हलला नव्हता.

मग तुम्ही मला कागदावर गणित करायला लावलंत. प्रतींची बेरीज होत नाही, उजेडाची होते. १५.६ प्रतीचा तारा आणि १४ प्रतीचा तारा यांच्या तेजात जवळजवळ साडेचार पटींचा फरक. अंधूक तारा पूर्ण एका प्रतीने वरखाली झाला तरी दोघांच्या एकत्र ठिपक्यात त्यातला जेमतेम ०.२ शिल्लक राहतो. माझा आकडा तंतोतंत तोच होता. आपली चूक इतकी नेमकी जुळलेली बघून मला हसू आलं, आणि तिथेच राग गेला.

एम-३ घे, असं सुचवलंतही तुम्हीच. माझा हट्ट एम-१३ या दुसऱ्या गुच्छाचा होता, कारण फोटोत तो देखणा दिसतो. तुम्ही म्हणालात, देखणा आहे, पण त्यात आरआर लायरी बोटांवर मोजण्याइतके. शिकायला घर भरलेलं हवं. एम-३ मध्ये नोंदलेले रूपविकारी तारे दोनशेच्या वर आहेत. चुकलास तरी चूक कळेल, हे तुमचं म्हणणं पटायला मला एक अख्खा हंगाम लागला.

आता ज्या रात्रीसाठी हे पत्र मुख्यतः लिहितोय, ती. दीड तास तुम्ही माझा स्क्रीन बघत बसला होतात आणि मी वजाबाकी शिकत होतो. तोपर्यंत मी एकेका ताऱ्याभोवती वर्तुळं काढत बसायचो. सुमारे पाच लाख ताऱ्यांच्या गर्दीत, मध्यभागी तर वर्तुळाला जागाच नाही. तुम्ही सांगितलंत, तारे मोजूच नकोस, फोटोतून फोटो वजा कर. सगळ्यात नितळ फोटो निवडायचा, तो मुद्दाम पुसट करत करत त्या-त्या रात्रीच्या फोटोइतकाच पुसट करायचा आणि मग वजा करायचा. जो तारा बदलला नाही तो नाहीसा होतो. बदलला तो काळा किंवा पांढरा ठिपका होऊन मागे राहतो. अलार्ड आणि लप्टन यांनी १९९८मध्ये मांडलेली ही रीत आता गर्दीच्या आकाशात सगळीकडे वापरतात. मला ती फक्त नावाने माहीत होती.

पहिल्या वजाबाकीत माझ्या पडद्यावर नुसती मेदूवड्यांची रांगोळी उठली. प्रत्येक ठळक ताऱ्याच्या जागी एक कडं. तुम्ही न रागावता विचारलंत, “तांबडे राक्षसी तारे सॅच्युरेट झालेत का?” म्हणजे कॅमेऱ्याला मोजता येणार नाहीत इतके उजळ. झाले होते. ते झाकले. मग म्हणालात, संदर्भाला एकच फोटो घेऊ नकोस, सर्वांत चांगले सात एकत्र कर. केले. पुन्हा चालवलं. गुच्छाचा गाभा, जो मला कायम पिठाच्या गोळ्यासारखा दिसायचा, तो राखाडी, सपाट, रिकामा झाला आणि त्यात काळे-पांढरे ठिपके उरले. फोटो आलटून पालटून दाखवले तसे ते उघडझाप करू लागले. एकही शब्द न बोलता आपण दोघं मिनिटभर बघत होतो. तुम्ही हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी गप्प होतात.

माझ्या तांबड्या ताऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. पांढरा ठिपका शेजाऱ्याच्या डोक्यावर होता.

नंतर बोलता बोलता तुम्ही सोलन बेली या जुन्या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट काढलीत. पेरूमधल्या आरेकिपाला काढलेल्या काचेच्या प्लेटा, भिंगातून एकेक तारा शेजाऱ्यांशी ताडून डोळ्यांनी लावलेल्या प्रती आणि १९०२ साली नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छातल्या आरआर लायरी ताऱ्यांची, तेजाच्या आलेखाच्या आकारावरून, अ, ब, क अशी केलेली विभागणी. ना वजाबाकी, ना संगणक. त्या रात्रीनंतर मी माझ्या लॅपटॉपच्या वेगाबद्दल कुरकुर केलेली नाही. (निदान तुमच्यासमोर.)

आणि ती ०.३४२ दिवसांची भानगड! एका ताऱ्याचा आवर्तनकाल मी ०.३४२ काढला आणि इतका छोटा म्हणजे ‘क’ प्रकारचा, असं नोंदवून मोकळा झालो. तुम्ही आलेख बघून विचारलंत, “क प्रकारचा तारा इतका ताडकन चढतो का रे?” नाही चढत, त्याचा आलेख गोलसर, एखाद्या शांत लाटेसारखा. ताडकन चढून सावकाश उतरणं हे अ-ब वाल्यांचं. मग उलगडलं. मी रोज त्याच सुमाराला दुर्बीण लावतो, त्यामुळे दोन रात्रींच्या मधे ताऱ्याने नक्की किती फेऱ्या मारल्या हे माझ्या नोंदींना कळत नाही. दिवसाला एक फेरी जास्त धरली की ०.५२ दिवसांचा तारा ०.३४२ चा भासतो. संगणकाला दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच गोड लागली होती. तुम्ही वेगळ्या रेखांशावरच्या एका निरीक्षकाशी माझी गाठ घालून दिलीत, त्यांनी दोन रात्रींच्या नोंदी दिल्या आणि ०.३४२ वर आलेखाच्या चिंध्या झाल्या. ०.५२ वर सगळे बिंदू एका रेषेत येऊन बसले. त्या गृहस्थांचेही आभार इथेच मानतो.

एवढ्या उपद्व्यापातून नवा तारा एकही निघाला नाही, हे आमच्याकडच्या मंडळींना समजावणं अवघड जातं. पण माझ्या स्वतःच्या ३१ आरआर लायरींची सरासरी १५.६ आली. त्यांची निरपेक्ष प्रत, म्हणजे १० पार्सेकवरून दिसली असती ती, ०.६ धरली, वजा केलं, उरले १५. म्हणजे गुच्छाचं अंतर १० हजार पार्सेक, सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षं. पुस्तकातला आकडा ३४ हजारांच्या आसपास आहे. हे वहीत लिहिताना पेन हातात जरा थरथरलं, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही कधीच सरळ उत्तर दिलं नाहीत. ‘तांबडा तारा खोटा आहे’ असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं असतंत तर माझा महिना वाचला असता. यादी तुमच्याकडेही होती, शेजारी तुम्हाला पाच मिनिटांत दिसला असणार. परवा एका नव्या मुलाने मला असाच आलेख पाठवला. उत्तर माझ्या बोटांवर होतं. खोडलं, आणि तुमचीच ओळ पाठवली. तो बहुतेक माझ्यावर चिडलाय.

आता महाश्वातला एम-१५ हा गुच्छ हातात घेतलाय. गाभा एम-३पेक्षाही दाट, त्यामुळे वजाबाकी तीनदा फसली. चौथ्यांदा ४२ ठिपके मिळाले. त्यातले ३९ यादीशी जुळले. तीन उरलेत. उद्गारचिन्ह एकही टाकत नाही. शेजारी तपासायचे बाकी आहेत. या आठवड्यात ते करतो आणि मगच मेल पाठवतो.

तुमचा,
वर्तुळं काढणारा