‘ऱ’ शोधून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, “आभार वगैरे नको, आधी पानं पूर्ण करा.” पानं पूर्ण झाली. आता आभार ऐकून घ्यावेच लागतील, आणि तेही चारचौघांत.

आमची हिशेबाची प्रणाली शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आहे. तिची मार्गदर्शिका मराठीत हवी आणि फायलींची नावंही मराठीतच हवीत, हा आग्रह माझा. कारण पानं लिहिणारे माझे सहकारी गावोगावी माल मोजणारे, नोंदी ठेवणारे लोक आहेत. स्फिंक्सने, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींपासून मार्गदर्शिकेची पानं तयार करणाऱ्या साधनाने, पानं बांधली की ‘बियाणे’, ‘खते’, ‘पावती’ व्यवस्थित यायची आणि ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘दुसऱ्या हंगामाची नोंद’ गायब व्हायची. अनुक्रमणिकेत नाव आहे, फोल्डरमध्ये फाइल आहे, आणि संगणक म्हणतो, असं पानच नाही.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं अजून टोचतात. एकांनी “नावं इंग्रजीत करा, विषय संपला” एवढंच कळवलं. एकांनी फाइल न उघडताच टायपिंग चुकल्याचं सांगून टाकलं. पैसे घेऊन मदत करणाऱ्या मंडळींनी तर विचारलं, मराठीत एवढं वाचणार कोण? वाचणारे आहेत म्हणून तर लिहितोय ना! उत्तर येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. पण “मला माहीत नाही” म्हणायचं सोडून समोरच्याची गरजच खोटी ठरवायची, हे आमच्या क्षेत्रात फार बोकाळलंय आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

तुम्ही फाइल मागितलीत. स्क्रीनचं चित्र नको, नाव पुन्हा टाइप करू नका, झिप आहे तशीच पाठवा, म्हणालात. मग नावातलं एकेक अक्षर सुटं करून, त्यासमोर त्याचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) मांडून परत पाठवलंत. अनुक्रमणिकेतला ‘ऱ’ हे एकच चिन्ह होतं, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइटचं. फाइलच्या नावातला ‘ऱ’ म्हणजे साधा ‘र’ आणि त्याला जोडलेला वेगळा नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मिळून ६ बाइट. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. ती पानं एका सहकाऱ्याच्या जुन्या मॅकवर तयार झाली होती, आणि तिथली एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावं अशी सुटी करूनच साठवते. आमचा सर्व्हर लिनक्सचा. तो बाइट जुळतात का एवढंच बघतो. युनिकोडच्या लेखी दोन्ही रूपं समान आहेत, पण ते ताडून बघायचं काम वाटेत कुणाकडेच नव्हतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन्ही नावं एनएफसी, म्हणजे सुटे भाग जोडून एकच चिन्ह करणाऱ्या रूपात आणली आणि सगळी पानं दिसू लागली. ‘शेतकरी’ला कुठलाही प्रत्यय लावा, ‘ऱ्या’ येतोच. म्हणजे ही अडचण आम्हाला पानोपानी येणार होती.

इथे थांबला असतात तरी मी ऋणी राहिले असते. पण तुम्ही विचारलंत, “ही पानं लिहितं कोण?”

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मी सांगत गेले. आमच्या एका ताईंचं दिवसभर लिहिलेलं पान दिसेना, म्हणून त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं होतं, हेही बोलता बोलता सांगितलं. मग तुमच्याकडून नावं तपासणारी छोटीशी फाइल आली. ती चालवल्यावर पडद्यावर मराठीत येतं: “या नावातला ‘ऱ’ वेगळ्या पद्धतीने साठवला गेला आहे. पान हरवलेलं नाही. नाव दुरुस्त करू का?”

‘पान हरवलेलं नाही.’ हे शब्द लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याशिवायही नाव दुरुस्त झालंच असतं. पण तुम्ही कधीही न भेटलेल्या त्या ताईंचा दिवस तुमच्या लक्षात राहिला होता. ते वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि अजूनही त्या ओळीशी मी क्षणभर थांबते.

आपली कितीतरी साधनं अशाच माणसांच्या जिवावर उभी आहेत. स्फिंक्स पायथनच्या दस्तऐवजांसाठी लिहिलं गेलं आणि २००८ पासून सगळ्यांना खुलं आहे. एका प्रकारचा दस्तऐवज दुसऱ्या प्रकारात बदलणारं पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. एवढं करून ठेवून माणसं बाजूला होतात, आणि दुसऱ्याचं काम सुरळीत चालतं. तुमच्यासारख्यांची गणती मी त्यांच्यातच करते. काम अडलेल्या माणसाशी यंत्राने नीट बोलावं, यासाठी वेळ देणारा प्रोग्रामर माझ्या लेखी मोठा.

ताई आता माझी वाट बघत नाहीत. संदेश आला की स्वतःच ‘हो’ दाबतात आणि पुढचं पान घेतात.

एक विनंती आहे. ही तपासणी इतर मराठी प्रकल्पांच्याही उपयोगी पडेल, तेव्हा तुमची हरकत नसेल तर ती सगळ्यांसाठी खुली करावी म्हणते. वर तुमचं नाव घालू की नको, तेवढं कळवा.

तुमची,
मार्गदर्शिकेची संपादक